शुद्धी, स्वच्छता आणि हगवण

जगात दर वर्षी पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४४ हजार मुले हगवणीने मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली दिलेला अंदाज आहे. म्हणजे रोज बाराशेच्या वर. लढाईत एका दिवशी एवढी माणसे पडली तर वर्तमानपत्रे मथळे देतात. या मुलांचा मथळा होत नाही, कारण ती कोणाची मुले आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. ती बहुतेक आफ्रिकेतली आणि दक्षिण आशियातली, झोपडपट्टीतली, गावकुसाबाहेरची असतात. म्हणून हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा आहे असे मी मानत नाही.

प्रथम रोगाचे साधे शास्त्र पाहू. हगवणीचे जंतू आजाऱ्याच्या विष्ठेतून निघतात आणि दुसऱ्याच्या तोंडात जातात. या प्रवासाच्या वाटा पाच : पाणी, बोटे, माशा, माती आणि अन्न. विहिरीच्या कडेला शौच झाले, पावसाने ते आत वाहिले, की पाणी नासले. बाळाचे ढुंगण धुऊन त्याच हाताने भाकरी थापली, की अन्न नासले. लहान मुलांच्या जीवघेण्या हगवणीमागे पुष्कळदा रोटा नावाचा विषाणू असतो. रूथ बिशप या ऑस्ट्रेलियन संशोधिकेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९७३ साली मेलबर्नमध्ये शोधला. हा विषाणू, पटकीचा जंतू आणि इतर अनेक जंतू, सर्वांचा मार्ग मात्र एकच : विष्ठेतून तोंडाकडे. ही वाट तोडणे म्हणजे स्वच्छता.

आपल्या समाजव्यवस्थेने मात्र स्वच्छतेच्या जागी शुद्धी बसवली. महाडचे उदाहरण आपल्या वाचकांना नवे नाही. पण आरोग्याच्या नजरेने ते पुन्हा पाहावे असे मला वाटते. चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, त्याला कोणाची हरकत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह हजारो माणसांनी ओंजळभर पाणी घेतले, आणि तळे बाटले. मग सवर्णांनी ते शुद्ध केले. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत तळ्यात ओतून! माणसाच्या स्पर्शाने पाणी बिघडते आणि शेणाने सुधारते, ही ज्या समाजाची समजूत, त्या समाजाला जंतुशास्त्र शिकवणे किती कठीण! तळ्याचा हक्क उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी मान्य केला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे लागली. त्या काळात गावोगावच्या अस्पृश्य वस्त्यांतली मुले डबक्यांचे आणि झऱ्यांचे पाणी पीत होती, त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही.

दुसरा अडसर आपल्याच घरातला होता. पटकी आली की मरीआईचा कोप झाला, असे माझ्या लहानपणी वस्तीत बोलत. गाडा काढायचा, कोंबडे कापायचे. आणि जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडायचे, कारण जेवढे पाजावे तेवढे बाहेर येते, असा हिशेब. तो जीवघेणा होता. हगवणीत अंगातले पाणी आणि मीठ वाहून जाते. डोळे खोल जातात, टाळू बसते, रडताना अश्रू येत नाहीत, पोटाची चिमटीत धरलेली कातडी लवकर सपाट होत नाही. अशा वेळी पाणी तोडणे म्हणजे सुकणाऱ्या रोपाचा पाट बंद करणे.

पण नुसते पाणीही पुरेसे नाही. आतड्याच्या अस्तरात मीठ आणि साखर जोडीने आत घेणारी एक वाट असते. हगवणीतही ती बहुधा चालू राहते. मीठ आणि साखर आत गेली की त्यांच्यामागून पाणी जाते. जलसंजीवनीचे सगळे रहस्य एवढेच.

त्याची मोठी परीक्षा १९७१ साली झाली. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांची पाकिटे करवली, पिंपांत द्रावण कालवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांकरवीच ते पाजले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. पुढे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० ते १९९० या काळात एक कोटीहून अधिक घरांत गेल्या आणि आयांना चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ यांचे माप शिकवले. आईला किती लक्षात राहिले, त्यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. ज्ञान दिले म्हणजे झाले नाही, ते पोहोचले पाहिजे, हा त्यातला धडा आपल्या चळवळीनेही घ्यावा.

आता करायचे काय? सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. शौचानंतर आणि अन्नाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणे. पिण्याचे पाणी उकळून, झाकून ठेवणे. रोटाची लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांवर तोंडाने देतात. ती आपल्या सरकारी लसीकरणात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली असून फुकट मिळते. जुलाब लागताच जलसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात कालवावे, घोट-घोट पाजावे, चोवीस तासांनी उरलेले फेकावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. अंगावरचे दूध आणि जेवण तोडू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस द्याव्यात. शौचात रक्त दिसले, मूल पिईनासे झाले किंवा गळून पडले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

हे सारे मी वस्त्यांतून सांगत आलो आहे. एकदा एका बाईने मला विचारले, "दादा, हात धुवा म्हणता, पण टँकर तर चार दिवसांनी येतो. प्यायचं का धुवायचं?" या प्रश्नाला भिंतीवरच्या आरोग्यविषयक घोषणांत उत्तर नाही. आईच्या अज्ञानावर बोट ठेवणे सोपे असते. नळ कोणाच्या आळीत आला आणि कोणाच्या आळीच्या तोंडाशी थांबला, हे विचारणे अवघड असते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची घाण उपसली, त्यांच्याच वस्तीला गटार नसते. घाण वाहणारा अशुद्ध आणि घाण करणारा शुद्ध, ही उलटी मांडणी मोडल्याशिवाय स्वच्छतेच्या कोणत्याही मोहिमेचा पाया भक्कम होणार नाही.

१९८०च्या सुमारास जगात हगवणीने वर्षाला सुमारे ४६ लाख मुले मरत, असा तेव्हाचा अंदाज होता. आजचा आकडा त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे. मीठ, साखर, लस आणि शिकलेल्या आया यांचा त्यात मोठा वाटा आहे. उरलेली मुले वाचवायला नव्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही. संयुक्त राष्ट्रांनी २८ जुलै २०१० रोजी पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला. महाडच्या ओंजळीने तो त्र्याऐंशी वर्षे आधीच मागितला होता. पाकीट घरात ठेवावे, मुलाला लस द्यावी, आणि वस्तीच्या नळासाठी ग्रामसभेत उभे राहावे. ही तिन्ही कामे एकाच लढ्याची आहेत.