रिफ्रेश केलं की ४०४ का येतं?
रिअ‍ॅक्टचं अ‍ॅप बिल्ड केलं की हाती उरतात साध्या फाइल्स. त्या पुरवायला इगोर सिसोएव्ह यांनी २००४ साली खुला केलेला एंजिनएक्स उत्तम. 'रूट'मध्ये बिल्डचा फोल्डर दिला की मुखपृष्ठ लगेच दिसतं. पण आतल्या पानावर रिफ्रेश केलं की ४०४! कारण त्या नावाची फाइल डिस्कवर नसतेच. तो पत्ता फक्त ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला ठाऊक. 'ट्राय_फाइल्स'च्या ओळीत शेवटी '/इंडेक्स.एचटीएमएल' लिहिलं की प्रश्न मिटतो. कॅशेकडे मात्र नीट लक्ष हवं. नावात हॅश असलेल्या फाइल्सना खुशाल वर्षाची, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंदांची मुदत द्या. इंडेक्सला 'नो-कॅश'च, नाहीतर नवी आवृत्ती चढवूनही लोकांना जुनीच दिसत राहते. जीझिपही नुसतं चालू करून भागत नाही: सीएसएस, जावास्क्रिप्ट हे प्रकार 'जीझिप_टाइप्स'मध्ये वेगळे लिहावे लागतात.