भुऱ्याचं खातं

माझ्या कपाटात लाल कापडी बांधणीची एक वही आहे. पस्तीस वर्षं पतसंस्थेत हिशेब लिहिले, हात स्वस्थ बसत नाही. म्हणून घरातल्या कुत्र्याचंही खातं उघडलं. पहिली नोंद मे २०२० ची : ‘भुऱ्या घरात आला. खर्च शून्य.’ टाळेबंदीत सोसायटीचा वॉचमन गावाकडे निघाला आणि जिन्याखालचं पिल्लू माझ्या दाराशी ठेवून गेला. मला वाटलं, गावठी जात, दूध-भाकरी खाईल आणि पायपुसण्यावर पडून राहील. नोकरीत माझी एन्ट्री क्वचितच चुकली. हे शून्य मात्र साफ चुकलं.

१४ ऑगस्ट २०२३. रात्रीचे सव्वाअकरा. भुऱ्या शिंकला आणि पांढऱ्या फरशीवर रक्ताचे शिंतोडे उडाले. ओठ वर करून पाहिलं, तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. पुण्यातल्या धायरीत त्या वेळी दोन रिक्षावाल्यांनी कुत्रा म्हणताच मान हलवली, तिसऱ्याने दुप्पट भाडं घेतलं. रात्रभर उघडा असलेला एक खासगी दवाखाना गाठला. काउंटरवरच्या मुलीने आधी दहा हजार डिपॉझिट मागितलं. जन्मभर काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेली मी, त्या रात्री बाहेरच्या बाजूला उभी होते.

निदान झालं गोचीडतापाचं. वहीतलं ते पान जसंच्या तसं देते :

रात्रीची तपासणी – १,२०० रुपये
रक्ताच्या सर्व तपासण्या, गोचीडतापाच्या किटसह – ५,४०० रुपये
सोनोग्राफी – २,००० रुपये
भरती, चार दिवस – १०,००० रुपये
रक्त चढवणे – ९,५०० रुपये
सलाईन, इंजेक्शनं, औषधं – ६,८५० रुपये
नंतरच्या तीन फेरतपासण्या – ३,३०० रुपये
एकूण – ३८,२५० रुपये

माझी ईपीएस-९५ ची पेन्शन महिन्याला २,९०० रुपये आहे. म्हणजे तेरा महिन्यांची पेन्शन एका कुत्र्याच्या नाकातून वाहून गेली. सकाळच्या फिरण्याच्या मंडळात मी जाहीर केलं, ‘लुटलं मला!’ सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाकडे एकेक बिलाची कहाणी होतीच.

एका रविवारी बहिणीचा मुलगा आला. तो शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकला आणि आता एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. माझं रडगाणं ऐकून म्हणाला, ‘मावशी, वही काढ. यातली लूट कुठली, ते ओळीवर बोट ठेवून सांग.’

मी बोट ठेवलं रक्ताच्या तपासणीवर. माझी स्वतःची रक्ततपासणी याच्या निम्म्या पैशांत होते. तो म्हणाला, ‘तुझी लॅब दिवसाला शेकडो नमुने एका यंत्रात घालते. आमच्याकडे दिवसाला पाच-सात. यंत्र परदेशी, त्याची पट्टी एका जनावरापुरती, ती उघडली की संपली. पाच नमुन्यांवर यंत्राचा हप्ता वाटला, की आकडा फुगतोच.’

इथे माझ्यातली हिशेबनीस जागी झाली. जनावरांच्या दवाखान्यातल्या उपचारसेवेवर जीएसटी नाही, हे मला ठाऊक होतं आणि ते ग्राहकाच्या फायद्याचं वाटायचं. पण सेवाच करमुक्त असल्यामुळे यंत्रं, फर्निचर, भाडं यांवर डॉक्टरने भरलेला कर त्याला वजावट म्हणून परत मिळत नाही. तो मुकाट्याने खर्चात मिसळतो आणि पावतीवर ‘कर : शून्य’ असं छापून येतं. शून्याने मला इथे दुसऱ्यांदा फसवलं होतं.

मग रक्ताची ओळ. माणसांसाठी रक्तपेढ्या आहेत. कुत्र्यांच्या रक्तपेढ्या देशात बोटांवर मोजण्याइतक्या. चेन्नईच्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयात एक आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा दाता कुत्रा शोधावा लागतो : धडधाकट, पंचवीस किलोंच्या आसपास किंवा जास्त वजनाचा, लसीकरण झालेला, स्वतः गोचीडतापापासून मुक्त. भुऱ्याला रक्त दिलं सिंहगड रस्त्यावरच्या एका लॅब्रॅडॉरने. मालकाने एक रुपया घेतला नाही. साडेनऊ हजार गेले ते त्या लॅब्रॅडॉरच्या तपासण्या, पिशवी आणि रात्रभर दोन्ही कुत्र्यांजवळ जागलेल्या माणसांच्या कष्टांपोटी.

‘तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं बिल आठवतं का?’ भाच्याने विचारलं. नव्हतं आठवत, कारण ते विमा कंपनीने भरलं होतं. पलीकडच्या खाटेवरच्या आजींचं महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं होतं. माणसाच्या आजारपणाची पूर्ण किंमत आपल्याला सहसा दिसत नाही. कुणीतरी मधे उभं असतं. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत मधे सहसा कुणी नसतं, म्हणून ती सबंध किंमत आपल्या अंगावर येते.

पण मधे कुणीच का नाही? त्याचं उत्तर जुनं आहे. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं १८८६ साली. त्या काळात जनावर म्हणजे ओढणारं, दूध देणारं, पैसा मिळवणारं. आजही गावोगावच्या सरकारी दवाखान्यांचं मुख्य काम गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या हेच : कृत्रिम रेतन, लाळ्या-खुरकुताची लस, २०२२ साली लम्पी आला तेव्हाची धावपळ. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरता दवाखाना येतो, तोही मुळात गोठ्यासाठी. आणि गोठ्यातल्या उपचाराला बाजारभावाचं कुंपण असतं. साठ हजारांच्या म्हशीवर शेतकरी लाख रुपये घालत नाही, मन कितीही तुटलं तरी. भुऱ्याचा बाजारभाव किती? शून्य. त्यामुळे त्याच्या उपचाराला कुंपणच नाही. कुठे थांबायचं, हे बाजार सांगत नाही, मालकाने ठरवायचं. माझ्या मते बिलातला सगळ्यात जड आकडा तोच आणि तो छापलेला नसतो.

पैसा असला तरी सोय असेलच असं नाही. रतन टाटांनी सांगितलं होतं की, त्यांच्या कुत्र्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठापर्यंत धाव घेतली, पण तोवर उशीर झाला होता. पुढे २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं पाच मजली प्राणी-रुग्णालय सुरू झालं. टाटांना जी सोय हाताशी मिळाली नाही, ती नसण्याबद्दल मी गल्लीतल्या डॉक्टरला बोल लावत होते.

वही मिटता मिटता भाच्याने विचारलं, ‘गोचिडांची गोळी चालू होती ना?’

मी मागची पानं उलटली. मार्चपर्यंत दर महिन्याला नोंद : ‘गोचीड गोळी, ७०० रुपये.’ एप्रिल, मे, जून, जुलै – कोरे. उन्हाळ्यात बहिणीकडे गेले, मग पावसाळा आला, मग ‘दिसत तर नाहीत गोचीड’. वाचलेले पैसे, २,८००.

दिसत नाहीत, कारण ते कुत्र्यावर कमी आणि घरात जास्त असतात. आपल्याकडचा तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे राहतो. एक मादी हजारो अंडी घालते आणि कुत्र्यावर फक्त जेवायला येते. ती बाधित असेल, तर त्या जेवणात एर्लिकिया नावाचा जिवाणू रक्तात सोडते. तो पांढऱ्या पेशींत दडतो, प्लेटलेट घसरतात, जेवण सुटतं. या टप्प्यावर पकडला तर डॉक्सिसायक्लिनच्या साधारण चार आठवड्यांच्या गोळ्यांवर बहुतेक कुत्री बरी होतात, आणि ते औषध माणसांच्याच मेडिकलमध्ये, जन औषधी केंद्रातसुद्धा मिळतं. भुऱ्याने आधी चार दिवस अन्न टाकलं होतं. ‘उकाड्याने असेल,’ असं मीच म्हणाले होते.

म्हणजे ३८,२५० मधला मोठा भाग आजाराचा नव्हे, उशिराचा होता. पुष्कळशा मोठ्या बिलांचं असंच असतं. वेळच्या वेळी नसबंदी न केलेल्या मादीला उतारवयात गर्भाशयात पू झाला की आपत्कालीन शस्त्रक्रिया, आणि तीही आजारी शरीरावर. मांजराला घरातली पॅरासिटामॉल दिली की जिवावर बेततं. त्या अर्ध्या गोळीचं बिल पुढे भरतीच्या वॉर्डात येतं.

तेव्हापासून काही गोष्टी बदलल्या. पतसंस्थेत महिन्याला हजार रुपयांचं आवर्त ठेव खातं उघडलं. हिशेबाच्या भाषेत याला तरतूद म्हणतात. विम्याचीही चौकशी केली. पॉलिसी आहेत, पण वयाची अट, सुरुवातीचा प्रतीक्षा काळ, आधीचे आजार वगळलेले, आणि लसी वेळेवर नसतील तर त्या आजारांनाही नकार. भुऱ्याच्या वयाला आणि इतिहासाला तो सौदा जमेना. पिल्लू लहान असेल तर कागद नीट वाचून जरूर पाहावा.

आणि डॉक्टरांशी पैशांबद्दल बोलायला शिकले. आधी लाज वाटायची. पैशांचं विचारलं तर माया कमी आहे असं समजतील, ही भीती. आता सुरुवातीलाच सांगते, ‘अंदाजे खर्च लिहून द्या. माझी ताकद इतकी आहे. ही तपासणी केली तर उपचार बदलणार आहे का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. उलट खुर्ची पुढे ओढून तीन मार्ग सांगतो : उत्तम, पुरेसा आणि निदान आज रात्रीपुरता.

इथे लेख संपला असता, तर बरं झालं असतं. पण वहीत नसलेली एक गोष्ट आहे.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या वस्तीत त्यांच्या मुलाने एक पिल्लू पाळलं होतं. त्याला पार्व्हो झाला : रक्ताचे जुलाब, उलट्या. खासगीत रोजचे तीन हजार सांगितले. कुणीतरी औंधच्या सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाचं नाव सुचवलं. तिथे सलाईन लागलं, डॉक्टरांनी नीट पाहिलं, केस पेपरचे पैसे किरकोळ. पण सलाईन रोज लावायचं होतं. धायरी ते औंध रिक्षा, आणि सकाळ त्यातच जायची. दोन दिवस त्या गेल्या. तिसऱ्या दिवशी दोन घरांनी खाड्याचे पैसे कापायची भाषा केली आणि त्या कामावर आल्या. पिल्लू दुपारी गेलं.

मला हे कळलं आठवड्याने, भांडी घासता घासता. ‘मला का नाही सांगितलंत?’ मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘भुऱ्याचं बिल तुम्ही सगळ्यांना सांगत होता की, काकू. वर आणि माझं कुठं?’

दवाखाना स्वस्त होता. महाग होता तो खाडा. माझ्या सात ओळींत असा रकानाच नव्हता, कारण मला तो कधी भरावाच लागला नाही. पार्व्होची लस दीड-दोन महिन्यांच्या वयात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत द्यायची असते. माझ्या त्या एका रात्रीच्या पैशांत वस्तीतल्या पिल्लांच्या कितीतरी लसी बसल्या असत्या. पण तोवर मी लुटले गेल्याचं सांगण्यात गुंतले होते.

गेल्या महिन्यात ताईंच्या मुलाने पुन्हा एक पिल्लू आणलं, काळं, एका कानाला पांढरा ठिपका. वहीत मी भुऱ्याच्या शेजारी नवं पान उघडलं आहे. ‘खर्च शून्य’ लिहिलेलं नाही. तीन तारखा आधीच लिहून ठेवल्या आहेत, लसीच्या. प्रत्येक तारखेसमोर लसीचे पैसे, रिक्षाचे पैसे आणि ‘ताईंना सुटी, पगारी’ अशी नोंद आहे. दुसऱ्या दोन घरांतल्या बायकांशी बोलणं झालंय. एक लगेच हो म्हणाली. दुसरीकडे उद्या पुन्हा जाणार आहे, वही घेऊन.