नेट गेल्यावर लॅपटॉप काय करतो?

केडगाव म्हणजे पुणे रस्त्यावरचं, नगरच्या महापालिकेत कधीचंच सामावलेलं उपनगर. इथे नेट पोचलेलं नाही असं कोणी म्हणणार नाही. पण लाइट गेली की राउटरही जातो. मग बारावीनंतर मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचा विषय निघाला की घरातलं कोणीतरी हटकून म्हणतं, "ते नवीन विंडोज नेटशिवाय चालूच होत नाही म्हणे."

यात थोडं तथ्य आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये आलेलं विंडोज 11 होम पहिल्यांदा चालू करताना नेट मागतं आणि मायक्रोसॉफ्टचं खातंही मागतं. पुढच्या वर्षीपासून घरगुती वापराच्या प्रो आवृत्तीलाही हीच अट लागली. ती चुकवायच्या आडवाटा होत्या, पण कंपनी त्या एकेक करून बुजवते आहे. अट मात्र उंबऱ्यापुरती आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून ती एकदा पार पडली, की पुढे नेट नसलं तरी लॅपटॉप उघडतो, टायपिंग होतं, हिशेबाची शीट चालते, पेन ड्राइव्हवरचा सिनेमाही दिसतो.

म्हणून काळजी करायचीच तर त्या खात्याची करावी. बऱ्याच दुकानांत "सगळं सेट करून देतो" म्हणत मुलगा लॅपटॉप उघडतो आणि वेळ वाचवायला दुकानाचा किंवा स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो. गिऱ्हाइकालाही बरं वाटतं, कटकट वाचली. पण लॅपटॉपबरोबर आलेलं, एकदाच पैसे मोजून कायमचं मिळणारं ऑफिस ज्या खात्यातून चालू केलं त्याच खात्याला बांधलं जातं. दोन वर्षांनी फॉरमॅट मारायची वेळ आली, की तो ईमेल कोणाचा होता हे कोणालाच आठवत नाही.

याहून मोठी अडचण डिस्कच्या कुलपाची. विंडोज 11 च्या 2024 च्या आवृत्तीपासून नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची 48 अंकी किल्ली त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही हललं, की लॅपटॉप ती किल्ली मागतो. ती दुकानातल्या मुलाच्या खात्यात असेल आणि त्याने दुकान सोडलं असेल, तर घरचे फोटो आणि प्रोजेक्टच्या फायली डिस्कवर असूनही हाती लागत नाहीत. तेव्हा खोक्यातून काढलेला लॅपटॉप स्वतःच्या खात्याने, स्वतःच्या हाताने सुरू करावा. दुकानदाराला राग आला तर येऊ द्यावा.

"फॉरमॅट मारलं की ओरिजिनल विंडोज जातं," हाही असाच पक्का बसलेला समज. कंपनीने विंडोज टाकून दिलेल्या लॅपटॉपचा परवाना मदरबोर्डच्या चिपमध्येच असतो. तीच आवृत्ती पुन्हा टाकली आणि नेट जोडलं की विंडोज तो परवाना आपोआप ओळखतं. गंमत अशी, की पैसे देऊन घेतलेलं होम काढून त्यावर क्रॅक केलेलं प्रो टाकून घेणारे कमी नाहीत. खरा परवाना चिपमध्ये पडून राहतो आणि क्रॅकसोबत काय काय आत आलं ते कळत नाही. स्वस्तातला, नुसता डॉस असलेला लॅपटॉप घेतला तर मात्र विंडोजचा परवाना वेगळा विकत घ्यावा लागतो. तिथे चिपमध्ये काही नसतं. आणि खोक्यावरच्या 'होम सिंगल लँग्वेज' या शब्दांना घाबरू नये. मेनूची भाषा एकच ठेवता येते, एवढाच त्याचा अर्थ. मराठी कीबोर्ड सेटिंगमधून केव्हाही जोडता येतो, आणि 2019 पासून उच्चाराप्रमाणे टाइप करायचा कीबोर्डही विंडोजमध्येच मिळतो.

आता क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप. 2011 साली पहिली क्रोमबुकं बाजारात आली तेव्हा "नेट गेलं की नुसती पाटी" ही टीका बरीचशी रास्त होती. ऑक्टोबर 2023 पासून एचपीने चेन्नईजवळ ती बनवायला सुरुवात केली, तोवर चित्र पालटलं होतं. गुगल डॉक्स आणि शीट्स नेटशिवाय चालतात. फक्त ती सोय नेट असतानाच चालू करून ठेवावी लागते, आणि नेमकं हेच राहून जातं. डाउनलोड केलेल्या फायली मशीनवरच असतात. अँड्रॉइडची अ‍ॅप्स चालतात, बऱ्याच मॉडेलवर लिनक्सचे प्रोग्रामही टाकता येतात.

तरीही क्रोमबुक सगळ्यांसाठी नाही, आणि त्याचं कारण नेट नव्हे. हिशेबाला टॅली, छपाईच्या कामाला श्रीलिपी, निविदा भरायला डिजिटल सहीचं डोंगल किंवा सेवा केंद्रातलं अंगठ्याचं मशीन लागत असेल तर विंडोजच घ्यावं. ही सगळी मंडळी विंडोज धरून बनलेली आहेत. अकरावीतल्या मुलाच्या अभ्यासाला आणि निबंधाला क्रोमबुक पुरतं.

खऱ्या अर्थाने नेटवर जगणारा संगणक पाहायचा असेल तर जिओपीसी पाहावा. 2025 मध्ये आलेली ही सेवा सेट-टॉप बॉक्समार्फत टीव्हीवर दिसते, पण संगणक असतो कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये. नेट तुटलं की समोर काहीच उरत नाही. लोक क्रोमबुकबद्दल जे बोलतात ते खरं तर याला लागू पडतं.

घरात विंडोज 10 चा जुना लॅपटॉप असेल तर 14 ऑक्टोबर 2025 नंतर तो बंद पडणार, अशी भीती घातली गेली होती. तसं काही झालं नाही. थांबली ती सुरक्षेची नेहमीची अपडेट. घरगुती ग्राहकांना ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवून मिळाली, पण त्यासाठीही मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंद करावी लागते.

सेकंड हँड क्रोमबुक स्वस्त दिसलं तर पैसे देण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, अपडेट कधीपर्यंत मिळणार. गुगल दहा वर्षं देतं, पण ती त्या मॉडेलचा गाभा बाजारात आला तेव्हापासून मोजली जातात, तुम्ही घेतलं तेव्हापासून नाही. सेटिंगमध्ये क्रोमओएसच्या माहितीत तारीख दिसते. दुसरी, ते आधी एखाद्या शाळेच्या किंवा कंपनीच्या ताब्यातलं होतं का. तसं असेल आणि त्यांनी ते आपल्या यादीतून मोकळं केलं नसेल, तर सगळं पुसून पुन्हा चालू केलं तरी मशीन त्या संस्थेचंच खातं मागत राहतं. म्हणून विक्रेत्याला समोर बसवून ते पूर्ण पुसून घ्यावं, हॉटस्पॉट लावावा आणि आपल्या खात्याने उघडतंय का ते तिथेच पाहावं.