क्षारलेप आणि सूक्ष्मदर्शक : डॉ. मोझ यांच्या कार्याचा बोध

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ११ व्या अध्यायात क्षारकर्माचे सविस्तर विवेचन केले आहे. प्रतिसारणीय क्षाराच्या अधिकारात अर्श, चर्मकील, दुष्टव्रण यांबरोबरच अर्बुद व तिलकालक यांचाही निर्देश आहे. म्हणूनच दाहक लेपाच्या साहाय्याने त्वचेच्या कर्करोगाची चिकित्सा उभी करणारे अमेरिकन शल्यचिकित्सक डॉ. फ्रेडरिक मोझ (१९१०–२००२) यांचे कार्य आपणास जवळचे वाटावे असे आहे. मात्र त्यातून नेमका कोणता बोध घ्यावा, याविषयी पुढे गैरसमज झाला व त्याची किंमत रुग्णांना मोजावी लागली.

शोधाचा प्रारंभ

विस्कॉन्सिन विद्यापीठात वैद्यकाचे विद्यार्थी असताना मोझ हे प्राणिशास्त्रज्ञ मायकेल गायर यांच्या प्रयोगशाळेत काम करीत. उंदरांच्या अर्बुदांत निरनिराळी दाहक द्रव्ये टोचून पाहताना त्यांना असे आढळले की, झिंक क्लोराइडने ऊती मृत होतात, परंतु त्यांची सूक्ष्मरचना जशीच्या तशी टिकते. म्हणजेच कर्करोग कोठवर पसरला आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. त्यांनी झिंक क्लोराइडमध्ये स्टिबनाइट हे अंजनवर्गीय खनिज आणि सँग्विनेरिया वनस्पतीच्या मुळाचे चूर्ण मिसळून लेप सिद्ध केला.

पद्धती

रोगस्थानी लेप लावून ठेवल्यावर स्थिर झालेला भाग दुसऱ्या दिवशी पातळ थराच्या रूपाने कापून काढीत. त्याचे तुकडे करून कडा रंगवीत व जखमेचा नकाशा आखीत. थराच्या तळाचे व कडांचे छेद तपासून जेथे रोगपेशी शिल्लक दिसतील तेवढ्याच ठिकाणी पुन्हा लेप लावीत. सर्व छेद निर्दोष दिसेपर्यंत हा क्रम चाले. १९४१ साली त्यांनी ४४० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला.

लेपाने वेदना फार होत व उपचारास अनेक दिवस लागत. १९५३ साली पापणीच्या कर्करोगावरील शस्त्रकर्माचे चित्रीकरण चालू असताना वेळ वाचविण्यासाठी त्यांनी लेपाविना ताजी ऊती काढून तपासली. ती रीतही यशस्वी ठरली. १९७० च्या दशकात ट्रोमोव्हिच व स्टेगमन यांनी तिचा पुरस्कार केल्यावर लेप बहुतांशी मागे पडला. आज या पद्धतीने प्रथमच झालेल्या बेसल सेल कर्करोगात पाच वर्षांनंतरही सुमारे ९९ टक्के रुग्ण रोगमुक्त आढळतात. लेप गेला, तरी यश टिकले. कारण ते यश प्रत्येक कडेच्या परीक्षणाचे होते.

विपर्यास

याच दोन द्रव्यांचे, झिंक क्लोराइड व सँग्विनेरिया यांचे, ‘काळे मलम’ कर्करोगावरील घरगुती उपाय म्हणून विकले जाऊ लागले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याविरुद्ध इशारे दिले आहेत. वर खपली पडून व्रण भरून येतो, परंतु खाली रोग वाढत राहतो, अशी रुग्णवृत्ते प्रसिद्ध झाली आहेत.

आपले कर्तव्य

सशेष राहिलेले अर्बुद त्वरित पुन्हा उद्भवते, असा इशारा सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या १८ व्या अध्यायात दिला आहे. शेष उरले की नाही, हे केवळ डोळ्यांनी ठरविता येत नाही. म्हणून पुढील लक्षणे दिसल्यास क्षार, अग्नी वा लेप यांचा प्रयोग करण्यापूर्वी ऊतिपरीक्षण करून घ्यावे :

१. अनेक आठवडे न भरणारा किंवा वारंवार रक्त येणारा व्रण.
२. चेहऱ्यावरील चकाकत्या, उंचावलेल्या कडेची गाठ.
३. तळपाय, तळहात वा नखाखालील पसरणारा काळा डाग. आकार वा रंग बदलणारा तीळ.
४. जुन्या भाजलेल्या व्रणवस्तूत, अथवा धोतर-साडीच्या गाठीने कंबरेवर सतत घर्षण होणाऱ्या जागी उद्भवलेली जखम.

अशा ठिकाणी प्रथम क्षार लावल्यास निदानाचा पुरावाच नष्ट होतो आणि मोलाचा काळ वाया जातो. औषधालयचालकांनीही न भरणाऱ्या जखमेसाठी वारंवार मलम नेणाऱ्या ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यान्वये निषिद्ध आहे, याचेही स्मरण ठेवावे.

याचा अर्थ क्षारकर्म त्याज्य आहे, असा नव्हे. योग्य व्याधीत त्याचे सामर्थ्य अनुभवसिद्ध आहे. परंतु आधी रोगपरीक्षा व मगच औषध, हा आपल्याच शास्त्राचा क्रम होय. डॉ. मोझ यांचे कार्य त्याच क्रमाची साक्ष देते.