फ्लूचं औषध आणि ४८ तासांचं गणित

ताप आला की मेडिकलमधून ॲण्टिबायोटिक आणणारे आपल्यात बरेच आहेत. फ्लूवर त्याचा काही उपयोग नाही. ते जिवाणूंसाठी असतं. जिवाणूचा स्वतःचा संसार असतो, औषध त्यावर घाव घालतं. विषाणू मात्र आगाऊ पोटभाडेकरू. आपल्या पेशीत घुसतो आणि तिच्याच सामानावर स्वतःच्या प्रती काढतो. त्याला हाणायला जावं तर आपलीच पेशी मरायची. म्हणून खास त्याचीच म्हणता येईल अशी वस्तू शोधावी लागते.

फ्लूच्या विषाणूकडे ती आहे: न्यूरामिनिडेज नावाचं एन्झाइम. कात्रीच म्हणा ना! नवे विषाणू पेशीतून बाहेर आले तरी तिच्या पृष्ठभागावरच्या सायलिक ॲसिडला चिकटून राहतात. कात्री ते बंध कापते, मग ते पुढच्या पेशीकडे सुटतात. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात पीटर कोलमन आणि सहकाऱ्यांनी या कात्रीची रचना उलगडली. मग तिच्या पात्यांत अडकेल असा रेणू घडवता आला. आधी झानामिविर, पण ती श्वासातून ओढायची पावडर. गिळता येणारं ते ओसेल्टामिविर, म्हणजे टॅमिफ्लू. अमेरिकेत दोन्हींना १९९९ मध्ये मंजुरी मिळाली. टॅमिफ्लूचा कच्चा माल बरीच वर्षं चक्रीफुलातून यायचा, बरं का! (बिर्याणी खाऊन फ्लू जात नाही, तेवढं लक्षात असू द्या.)

आता गणित. हे औषध विषाणूला मारत नाही, त्याची सुटका अडवतं. पण फ्लूचे विषाणू पहिल्या दोन-तीन दिवसांतच सगळ्यात जास्त वाढतात. ते पसरून झाल्यावर कात्रीला कुलूप लावून फारसं काय मिळणार? म्हणून लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांत सुरुवात हवी. तेव्हाही धडधाकट माणसाचं आजारपण जेमतेम एखाद्या दिवसाने कमी होतं. खरी गरज गरोदर बायका, वृद्ध आणि दवाखान्यात दाखल झालेल्यांना. त्यांना डॉक्टर उशिरानेही देतात.

शिवाय विषाणू गप्प बसत नाही. २००८-०९ च्या हंगामात साध्या एच१एन१ फ्लूने कात्रीतला एकच अमिनो आम्ल बदलला आणि ओसेल्टामिविर निकामी झालं. झानामिविर मात्र चालत राहिलं. २०१८ मध्ये जपानने मंजूर केलेलं बॅलोक्साविर तर कात्रीकडे बघतच नाही, ते प्रती काढण्याचं कामच रोखतं. एकच डोस पुरतो. पण त्याला दाद न देणारे विषाणूही चाचण्यांमध्येच दिसले, लहान मुलांमध्ये जरा जास्तच.