ढगांच्या गावी आमचे बिऱ्हाड

मी घरकोंबडी बाई. हे कबूल करायला मला कधी लाज वाटली नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला सिंहगड चढण्याचा आग्रह शंभरदा तरी केला असेल. मी दोनदा गेले, आणि दोन्ही वेळा माझे सारे लक्ष वरच्या पिठलं-भाकरीकडे होते. पाऊस म्हणजे हातात चहाचा कप घेऊन खिडकीतून पाहायची गोष्ट, असे माझे ठाम मत.

अशा बाईच्या नवऱ्याची बदली व्हावी कुठे? तर शिलाँगला! मुलगी नोकरीसाठी बंगळूरला, मुलगा वसतिगृहात. पुण्याला मागे राहायला सबबच उरली नाही. मेघालय म्हणजे ढगांचे घर. १९७२ साली आसामपासून वेगळे होऊन हे स्वतंत्र राज्य झाले. मला तर नाव ऐकूनच सर्दी झाली.

पहिले दोन महिने मी पावसाशी घरातूनच भांडले. कपडे वाळत ना, मिठाला पाणी सुटे, पुण्याहून आणलेल्या पापडांना बुरशी आली. दर रविवारी हे बूट चढवून विचारीत, "येतेस का?" आणि मी कधी गुडघा, कधी डोके, कधी न वाळलेले कपडे पुढे करी.

ऑगस्टातल्या एका रविवारी ह्यांनी बूट घातले, छत्री घेतली, "येतो गं" म्हणाले आणि गेले. विचारलेच नाही.

मी सवयीने चहा घेऊन खिडकीशी बसले. बाहेर पाऊस होताच. पण त्या दिवशी तो काही सुंदर दिसेना. नकार द्यायलासुद्धा आधी कुणीतरी विचारावे लागते, हे मला इतक्या वर्षांनी कळले. संध्याकाळी हे परत आले. एरवी तासभर वर्णन चालायचे. आज "बरं होतं" एवढेच म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडले.

रात्री पानावर बसल्यावर मी विचारले, "पुढच्या वेळी कुठे जाणार?"

"नोंग्रियाटला. पाऊस जरा ओसरू दे. साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत."

"उतरायच्या ना?"

"उतरायच्या. मग चढायच्याही."

"मी येते."

ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही निघालो. शिलाँगहून चेरापुंजी सुमारे ५४ किलोमीटर. तिथले लोक गावाला सोहरा म्हणतात. शाळेत भूगोलात पाठ केलेले हे नाव डोळ्यांनी पाहताना गंमत वाटली. पुण्यात वर्षाकाठी पाऊस पडतो सातशे-आठशे मिलिमीटर. इथे सरासरी ११,००० मिलिमीटरच्या वर! १८६० च्या ऑगस्टपासून १८६१ च्या जुलैपर्यंत तर २६,४६१ मिलिमीटर पडला. बंगालच्या उपसागरावरून निघालेले ढग बांगलादेशाच्या सपाट भूमीवरून विनाअडथळा येतात आणि खासी डोंगरांच्या उभ्या कड्यांवर आदळतात. वर चढता चढता थंड होतात आणि तिथेच रिते होतात. आणि नवल असे, की एवढे पाणी डोंगरावरून वाहून जाते आणि हिवाळ्यात इथल्या बायकांना पाण्यासाठी वणवण करावी लागते. हे ऐकून मात्र मी पापडांची तक्रार मनातल्या मनात मागे घेतली.

वाटेत शेतात वाकलेल्या बायकांच्या पाठीवर शिंपल्याच्या आकाराची, बांबूची विणलेली टोपली दिसली. डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाऊस अडवायचा आणि दोन्ही हात कामाला मोकळे. तिला म्हणतात क्नूप. "अहो, हे तर आपलं इरलं!" मी ओरडलेच. माझ्या आजोळी, संगमेश्वराकडे, भातलावणीच्या बायका अशाच इरली घेऊन वाकलेल्या मी लहानपणी पाहिल्या होत्या. परका मुलुख एका क्षणात थोडा ओळखीचा झाला.

तिरना गावापासून पायऱ्या सुरू झाल्या. ओल्या, शेवाळलेल्या आणि अशा उभ्या की खाली पाहवेना. समोरून बायका पाठीवर ओझे आणि त्याचा पट्टा कपाळावर घेऊन सहज चढत होत्या. एका आजींनी हसून सुपारी, पान आणि चुना पुढे केला. त्याला क्वाई म्हणतात. तो इथला पाहुणचार. मी "खुब्लेई" म्हटले. आभारालाही तोच शब्द आणि निरोपालाही. पुढे लोखंडी तारांचा झुलता पूल आला. खाली नदी गर्जत होती. मी मधेच थांबले. हे मागे वळून हात पुढे करून उभे राहिले. "चल" म्हणाले नाहीत, घाई केली नाही.

आणि मग मुळांचा पूल! एकावर एक असे दोन. रबराचे झाड आपल्या वडाच्याच कुळातले. त्याच्या पारंब्या पोफळीच्या पोकळ खोडांतून ओढ्यापलीकडे नेतात आणि रुजू देतात. माणसाचे वजन पेलायला पूल वर्षानुवर्षे घेतो. पण मग जितका म्हातारा तितका मजबूत.

रात्री गावातच मुक्काम केला. घरची मालकीण सर्वांत धाकटी मुलगी. खासी रीतीप्रमाणे घर धाकट्या मुलीकडे जाते आणि बहुधा जावईच तिच्या घरी राहायला येतो. मी ह्यांच्याकडे पाहिले. "आपली बदली इथे फार उशिरा झाली," हे म्हणाले.

पत्र्यावर पाऊस कोसळू लागला तेव्हा मी विचारले, "त्या रविवारी मला विचारलं का नाहीत?"

बराच वेळ हे गप्प होते. मग म्हणाले, "वाटलं, उगाच तुला छळतोय. पण पाहिलेलं सांगायला बरोबर कुणी नसलं, की नीट दिसतच नाही गं."

दुसऱ्या दिवशी पायऱ्या चढताना माझ्या गुडघ्याने सव्वीस वर्षांचा सूड घेतला. पन्नास पायऱ्या चढायच्या आणि बसायचे. प्रत्येक वेळी हेही बसले.

मी आजही घरकोंबडीच आहे. पण आता रविवारी बूट आधी मी काढते आणि विचारते, "येताय का?"

परवा हे पांघरुणातूनच म्हणाले, "आज घरीच बसू. भजी कर."

चांगलीच सवय लागली आहे कुणाला तरी!