वालधुनीचे पाणी आणि शून्याचा हिशेब

'नेट झीरो' आणि 'चक्रीय अर्थव्यवस्था' हे शब्द आता वर्तमानपत्रांत, कारखान्यांच्या फलकांवर आणि मुलांच्या प्रकल्पवह्यांतही दिसू लागले आहेत. भारताने नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगो येथील परिषदेत 2070 सालापर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, तेव्हापासून त्यांचा बोलबाला वाढला. या स्मरणिकेच्या कित्येक वाचकांचे आयुष्य उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील पाळ्यांवर गेले आहे. म्हणून हा विषय ग्लासगोपेक्षा वालधुनीच्या काठावरून पाहावा, असे आम्हांस वाटते.

वालधुनी ही लहानशी नदी. काकोळ्याच्या बाजूच्या डोंगरांतून निघून, शके 982 म्हणजे इ.स. 1060 च्या शिलालेखासाठी प्रसिद्ध असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून ती उल्हासनगरात शिरते व कल्याणकडे जाते. तिच्या आसपासचा उद्योग एका दिवसात उभा राहिलेला नाही. अंबरनाथला 1920 च्या दशकात विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना आला. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले आणि 1949 मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. 1950 च्या दशकात शहाडला सेंच्युरी रेयॉन उभी राहिली. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे अंबरनाथ-बदलापूरला रसायन, रंग व औषधांच्या कारखान्यांची रांग लागली. या सर्वांना पाणी मिळाले ते बारवी धरणाचे आणि उल्हास नदीचे. उन्हाळ्यात उल्हास कोरडी पडत नाही याचे एक कारण म्हणजे भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून सुटणारे पाणी.

म्हणजे पाण्याचा प्रवास सरळ रेषेत होता : धरण, नळ, कारखाना, नाला. 1974 साली जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा झाला, तरी रेषा सरळच राहिली. तिच्या शेवटी फक्त एक प्रक्रिया केंद्र आले. ते केंद्रही सदैव पुरे पडले नाही. 2014 मध्ये रासायनिक द्रव्य वालधुनीत सोडल्याने उल्हासनगरात उग्र वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे व स्थानिक स्वराज्य संस्था यांना भरपाईचे आदेश दिले. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

टँकरमधून चोरून सोडले जाते ते बहुधा वापरलेले आम्ल वा द्रावक असते. त्याची विल्हेवाट लावण्यास पैसा लागतो आणि नाला फुकट असतो. चक्रीय पद्धत इथेच हात घालते. रंगद्रव्ये करताना उरणारे पातळ गंधकाम्ल एका कारखान्याला कचरा वाटते, पण तुरटी किंवा हिराकस करणाऱ्याला तोच कच्चा माल होऊ शकतो. घातक कचऱ्याविषयीच्या 2016 च्या नियमांत, एकाचा कचरा दुसऱ्याने परवानगी घेऊन साधन म्हणून वापरण्याची तरतूद नवव्या नियमात आहे. औषध कारखान्यांत द्रावक ऊर्ध्वपातन करून पुन्हा त्याच टाकीत आणतात. व्हिस्कोस धाग्याच्या उद्योगात उपपदार्थ म्हणून मिळणारे सोडियम सल्फेट साबण-पावडरच्या कारखान्यांना विकले जाते. ज्या वस्तूला भाव मिळतो, ती रात्री नाल्यात ओतायला कोणी जात नाही. आमच्या मते दंडापेक्षा हा भाव अधिक चोख पहारा करतो. अर्थात पहारेकरी नकोच, असे आम्ही म्हणत नाही.

आता खरी मेख. पाणी शून्य आणि कार्बन शून्य या दोन गोष्टी एकमेकींच्या मैत्रिणी नाहीत. 'शून्य द्रव निस्सारण' म्हणजे कारखान्याबाहेर एक थेंबही सांडपाणी न जाऊ देणे. त्यासाठी आधी पडद्यातून दाबाने पाणी गाळतात. याला वीज तुलनेने थोडी लागते. मागे उरलेले खारट, दाट पाणी मात्र उकळून आटवावे लागते. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता लागते. हा हिशेब हजार लिटरला लावला, तर ती उष्णता 600 युनिटांहून अधिक विजेइतकी भरते. एका भांड्याच्या वाफेवर दुसरे, दुसऱ्याच्या वाफेवर तिसरे भांडे तापवून हा खर्च बराच उतरवता येतो, पण संपवता येत नाही. बॉयलरखाली कोळसा असेल तर नदी वाचते आणि धुराडे वाढते. बाहेरून वीज घ्यावी तर देशाच्या ग्रीडमधील प्रत्येक युनिटामागे आज सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून पाणी घाण झाल्यावर शुद्ध करण्यापेक्षा ते मुळात कमी वापरणे, हाच दोन्ही शून्यांकडे जाणारा स्वस्त रस्ता होय.

सांडपाणी केंद्र स्वतःही निष्पाप नसते. जिवाणूंना हवा पुरवणारे पंखे अशा केंद्राच्या विजेचा मोठा वाटा खातात. उघड्यावर कुजणाऱ्या गाळातून मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवणारा आहे. तोच गाळ बंद टाकीत कुजवला तर मिथेन इंधन होतो आणि त्यावरच केंद्राची काही वीज निघते. प्रदूषण आवरणाऱ्या उद्योगाने आधी स्वतःचा हिशेब मांडायचा, असा हा नवा दंडक आहे.

हवामानाशी आपला काय संबंध, असे पालक कधी विचारतात. 27 जुलै 2019 रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात असेल. एका पुराचे खापर थेट कार्बनवर फोडता येत नाही. मात्र हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरते, आणि ते बाष्प कोठेतरी एकदम कोसळते.

उल्हासनगरच्या जीन्सविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. नवी कोरी पँट जुनी दिसावी म्हणून ती प्युमिस दगडांबरोबर घुसळतात, ब्लीच करतात, तिच्यावर पोटॅशियम परमँगनेट फवारतात, आणि प्रत्येक टप्प्यावर धुतात. निळे पाणी नाल्याला मिळते, दगडाचा चुरा गटार भरतो. न्यायालयीन आदेशांनंतर अनेक धुलाई कारखान्यांची वीज-पाणी तोडली गेली. नदीला उसंत मिळाली, पण तिथे काम करणाऱ्या मजुरांना पगारी उसंत कोणी दिली नाही. काही धंदा तर खेड्यांकडे सरकला आणि घाण तिकडे गेली. यावर तंत्र उपलब्ध आहे. दगडाऐवजी एन्झाइम, परमँगनेटऐवजी लेसर आणि ब्लीचऐवजी ओझोन वापरल्यास पाणी पुष्कळ वाचते. पण ही यंत्रे एका गाळ्याच्या मालकाला झेपणारी नाहीत. ती सामाईकच घ्यावी लागतील.

कापडाचे चक्र आपल्याला अपरिचित नाही. जुन्या लुगड्यांची वाकळ आपल्या आज्यांनी शिवली. विनयपिटकात आनंद थेर राजा उदयनाला, जीर्ण झालेल्या चीवराची खोळ, मग पायपुसणे, आणि शेवटी मातीत कालवून जमीन सारवण्यापर्यंतचा उपयोग सांगतात.

परंतु वाकळ घालणाऱ्या हातांना कधी मान मिळाला नाही, ही गोष्ट इतिहासाच्या शिक्षकाला विसरता येत नाही. आजचे चक्रही कचरा वेचणाऱ्या बाया, भंगारवाले आणि गटारात उतरणारे कामगार यांच्या हातांवर फिरते, आणि त्यांची जात बहुतेकदा आपल्याला ठाऊक असते. गटार व मलकुंडांत माणसाला संरक्षणाविना उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी मृत्यू थांबलेले नाहीत. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली. घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम तिने महापालिकेबरोबरच्या कराराने मिळवले. हरित उद्योगाचे नवे रोजगार आपल्या मुलांना मिळतील, पण ते प्रयोगशाळेत मिळतील की चेंबरमध्ये, हा प्रश्न यंत्र सोडवीत नाही.

तूर्त वाचकांना करता येण्याजोगे एक काम सुचवतो. प्रत्येक कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र असते. त्यात रोज किती सांडपाणी सोडण्यास परवानगी आहे आणि कोणत्या मर्यादेपर्यंत, हे लिहिलेले असते. नदीत सोडावयाच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मानकात बीओडी लिटरला 30 मिलिग्रॅम आणि सीओडी 250 मिलिग्रॅम आहे. बीओडी म्हणजे जिवाणूंना घाण पचवण्यास लागणारा प्राणवायू. सीओडीत जिवाणूंना न पचणारी रसायनेही मोजली जातात. पहिला आकडा बसला आणि दुसरा फार वर असला, तर ती घाण घरगुती नाही, कारखान्याची आहे, असा संशय घ्यावा. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे रसायनशास्त्र शिकले आहेत, त्यांना हे आकडे आपल्या वस्तीला वाचून दाखवता येतील.